मोडेम सापडेना

वडील गेल्याला महिना व्हायला दोन दिवस होते, तेव्हा वळवाच्या पावसात आमच्या गल्लीतल्या टेलिफोनच्या खांबावर वीज पडली आणि कॉम्प्युटरमधला मोडेम जळाला. फोन वाचला, कॉम्प्युटरही वाचला, दोघांना जोडणारं ते एवढंसं कार्ड तेवढं गेलं. मी पेटी उघडली. जळका वास सोडला तर आत काही विशेष दिसलं नाही. मला घाबरायला हवं होतं, कारण त्या कार्डावाचून काय अडणार हे मला पक्कं माहीत होतं. पण त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. वीज माझ्या डोक्यावर पडली असती तरी मी आधी चहा मागितला असता.

काय अडणार होतं ते सांगतो. माझी धाकटी बहीण अमेरिकेत होती, आठवा महिना लागलेला, रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला मनाई केलेली. वडील एका सकाळी अंघोळीला पाणी काढता काढता गेले, तेव्हा मामानं माहुलीच्या घाटावरच सगळ्यांना बजावलं की बाळंत होईपर्यंत पोरीला काही कळवायचं नाही. पोटुशीला अशी बातमी सांगत नाहीत, ही आमच्याकडची रीतच. तिच्या नवऱ्याला तेवढं सांगितलं. तो तिकडे गप्प बसला, आम्ही इकडे.

फोनवर गप्प बसणं सोपं होतं, कारण वडील फोनवर कधी येतच नसत. मोजणी खात्यात तीस वर्षं उन्हातान्हात साखळ्या ओढून निवृत्त झाले तोवर त्यांचे कान गेले होते. फोनमध्ये त्यांना नुसती खरखर ऐकू यायची आणि ते चिडून तो आईच्या हातात द्यायचे. मग मी कॉम्प्युटर घेतला आणि त्यांना ई-मेलचा नाद लागला. बुधवारी आणि रविवारी सकाळी सहाला, लाईन मोकळी असते म्हणून, ते वेताची खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसायचे आणि सांगायचे, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचो. पत्रात सगळं मोजून मापून असायचं. गेटापाशी पडलेला खड्डा केवढा खोल, शेजाऱ्यांची भिंत आपल्या हद्दीत किती बोटं आली, सगळं. शेवटची ओळ ठरलेली. ‘ही म्हणते,’ एवढं सांगून ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे, आई आतून काहीतरी सांगायची, ते यांना ऐकू जायचं नाही, मग मी ओरडून सांगायचो. त्यानंतर सगळं पत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं. आमच्या गल्लीला ते बहिणीच्या आधी कळायचं.

आणि मग मोडेम लागायचा. तो ओरडायला लागला की घरातले सगळे वैतागायचे, पण तेवढा एकच आवाज वडिलांना आपणहून ऐकू यायचा. ते मान पुढं काढून ऐकायचे आणि लाईन जुळली की म्हणायचे, “लागला.”

ते गेल्यावर त्यांच्या नावानं पत्रं मी लिहिली. तीन लिहिली. ‘आमचे सर्व क्षेम आहे. येथे उन्हाळा कडक आहे. प्रकृतीस जप.’ मला दुसरं काही सुचायचं नाही. दहाव्याला डोक्यावरचे केस गेले तसं डोक्यातलंही काहीतरी गेलं असावं. तिसऱ्या पत्राला बहिणीचं उत्तर आलं: ‘बाबा, माझ्यावर रागावलात का? पत्र लिहिताय का तहसीलदाराला अर्ज करताय?’ ते वाचून मला वाईट वाटलं नाही, तिचा रागच आला. मी म्हटलं, एवढं लिहितोय ते पुरत नाही का हिला.

त्यावरच वीज पडली.

मंगळवारी बहिणीचा फोन आला. आईनं घेतला. वीज पडली, मशीन बंद पडलंय, दुरुस्त करतोय, एवढं ती नीट बोलली. पलीकडून बहीण बराच वेळ बोलत राहिली. फोन ठेवून आई माझ्याकडे आली.

“रविवारपर्यंत ह्यांचं पत्र आलं नाही तर ह्यांना फोनवर बोलाव म्हणती. ऐकू येवो न येवो. म्हणती, मी बोलणार नाही, नुसता आवाज ऐकते.”

“मग?”

“मग काय. तू बघ ते मशीनचं.”

बुधवारी मी सांगलीला गेलो. तिथं माझ्या कॉलेजातल्या, हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलेल्या मित्राचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचा कवठे महांकाळकडचा, बापानं ज्वारीच्या जिवावर इंजिनिअर केलेला. साताऱ्याहून सांगलीला जायला कराड, इस्लामपूर, आष्टा करत एसटीला पाच तास लागले, त्यातला एकही मला आठवत नाही. मित्रानं कपाटातून चंदेरी पिशवीतलं एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं.

“हे घे. खाचंत नीट दाबून बसव. सापडला न्हाई तर हे बारकं टोपण हाय का, जंपर म्हणत्यात ह्याला, ते काढून शेजारच्या दोन काड्यांवर घाल. तेबी जमलं न्हाई तर फोन कर. पर रडत बसू नगो.”

“मी कुठं रडतोय?”

तो माझ्या डोक्याकडे बघत राहिला. दहाव्याला तो घाटावर आला होता.

“तेच तर म्हणतोय गड्या,” तो म्हणाला आणि मला जेवायला घेऊन गेला.

रात्रीच्या गाडीनं परत आलो. सकाळी कार्ड पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं, सोबतचा माहितीचा कागद वाचला आणि अंघोळीला गेलो. येऊन ते खाचेत बसवलं, पेटीचं झाकण न लावताच कॉम्प्युटर चालू केला. स्क्रीननं थोडा वेळ विचार केला आणि सांगितलं, मोडेम सापडला नाही.

गुरुवार आणि शुक्रवार मी त्या पेटीत डोकं घालून होतो. जंपर बदलला. न्हाई म्हणे. दुसऱ्या जोडीवर घातला, तिसऱ्या, चौथ्या. कार्ड काढून शेजारच्या खाचेत बसवलं. सीडीवरचं सॉफ्टवेअर काढलं, परत घातलं. दर वेळी कॉम्प्युटर बंद करायचा, चालू करायचा, ओठ आवळून बसायचं आणि तेच वाक्य वाचायचं. कॉम्प्युटरला घड्याळ दिसत होतं, की-बोर्ड दिसत होता, मी आणून ठेवलेलं सगळं दिसत होतं, हे कार्ड मात्र त्याच्या लेखी घरात आलेलंच नव्हतं. कार्ड हातात घेतलं की मी त्याची पुढची बाजू बघायचो, जिथं चिपा आणि जंपर असतात. मागच्या सपाट बाजूला, खाचेत जाणाऱ्या सोनेरी दातांपाशी तांबूस असा एक पट्टा होता. डाख देताना लावतात ती राळ असेल म्हणून मी तो सोडून दिला. मी तेव्हा कशाकडेच दुसऱ्यांदा बघत नव्हतो.

आई दारात भाजी निवडत बसायची. “सापडला का?” ती दर तासाला विचारायची, जत्रेत हरवलेल्या पोराची चौकशी केल्यासारखी. मी नाही म्हणायचो. आत्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, महिनाभर आमच्याकडेच राहिली होती. ती आतून म्हणायची, सुतकाच्या घरात कशाला यंत्राचे उद्योग. सुतक कधीच फिटलं होतं, पण आत्याशी वाद कोण घालणार.

एक गोष्ट इथं कबूल करतो. शुक्रवारी दुपारपर्यंत, मोडेम सापडत नाही याचं मला आतून बरं वाटायला लागलं होतं. सापडला नाही तर वडील होऊन लिहायला नको. रविवारी फोन येईल, आई रडेल, बहिणीला कळेल, व्हायचं ते होईल. तिच्या पोटातल्या जिवाचं काय होईल हेही मी विचारात घेतलं होतं आणि तो विचार मला अजिबात टोचला नव्हता. आज ते आठवलं की मला माझी लाज वाटते. त्या वेळी वाटली नाही.

शनिवारी सकाळी आईनंच फोन माझ्या पुढ्यात आणून ठेवला. “सांगलीला लाव,” म्हणाली आणि भाजीवाल्याची हाक आली म्हणून बाहेर गेली.

मित्रानं सगळं ऐकून घेतलं. जंपर, खाचा, सॉफ्टवेअर.

“कार्ड हातात घे,” तो म्हणाला. “दात चकाकत्यात का?”

“पुढून चकाकतायत.”

“आन् मागनं?”

“मागं थोडी राळ लागलीय. तांबडी.”

“राळ तांबडी नसती गड्या. पिवळट असती. नखानं खरवड बरं.”

मी खरवडलं. नखात कोरडी लाल पूड आली.

पलीकडे तो हसायला लागला. “आरं, कुकू हाय ते. दसऱ्याला निम्मी सांगली माझ्याकडं येती, पूजा करून मशीनं बंद पाडून. एकाच्या तर पंख्यात अक्षता गावल्या हुत्या मला. लय झ्याक. कुणी लावलं घरात?” आणि मग तो हसायचा एकदम थांबला. तो दहाव्याला आला होता, आमच्या घरात आता कोण कोण आहे हे त्याला माहीत होतं.

“खोडरबरनं पूस,” तो हळू म्हणाला. “पाणी लावू नगो. ठेवतो.”

आमच्या घरात नवी वस्तू आली की कुंकू लावल्याशिवाय तिचं बटण दाबायचं नाही, हा वडिलांचा हुकूम होता. सायकल असो, मिक्सर असो, माझ्या कॉलेजचा कॅल्क्युलेटर असो, ते आधी आईला हाक मारायचे. आई करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवून बोटानं ओढायची आणि मगच वस्तू चालू व्हायची. कॉम्प्युटर आला तेव्हा तिनं थेट स्क्रीनच्या काचेवर लावलं होतं. मी ओरडलो होतो, आणि वडील माझ्यावर ओरडले होते. पण ते गेले त्याच दिवशी आत्यानं करंडा उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर, डब्यांच्या मागं सारला होता. आईचं कपाळ तेव्हापासून मोकळं होतं. आत्या बाहेरच्या खोलीतल्या देवाला गंध लावायची, करंड्याला तीही हात लावत नव्हती.

बहिणीच्या जुन्या कंपासपेटीत एक खोडरबर सापडला. कार्ड मांडीवर घेऊन मी दात पुसायला लागलो. गुलाबी भुगा वर्तमानपत्रावर पडत होता. आई भाजी घेऊन आत आली, पिशवी खाली ठेवली आणि उभी राहिली. तिनं भुगा बघितला.

“माझ्यामुळं?” तिनं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. कुणीही म्हटलं असतं. “हो,” मी म्हणालो.

ती खाली बसली. “तू अंघोळीला गेलास आणि ते टेबलावर दिसलं. लावावं का नको, पुष्कळ वेळ उभी होते. माझ्या हातचं आता चालतं का नाही, काय माहीत. मग वाटलं, ह्यांनी विचारलंच असतं, लावलंस का म्हणून. वन्सं झोपल्या होत्या. स्टूल घेऊन काढला करंडा. त्यांना दिसू नये म्हणून मागच्या बाजूला लावलं.” तिनं भुग्याला बोट लावून बघितलं. “सोन्यासारखं दिसत होतं तिथं, म्हणून तिथं.”

खरं तर मला अजूनही काही वाटत नव्हतं. खोडरबर थांबला होता, तो मी परत चालवला. एकही दात लाल राहिला नाही तेव्हा कार्ड खाचेत दाबलं आणि बटण लावलं. कॉम्प्युटरनं मोडेम लगेच ओळखला, जसं काही मधले दोन दिवस झालेच नव्हते. मी नंबर लावला. मोडेम ओरडायला लागला, मग खरखर, मग शांत झालं. आई आणि मी दोघांनीही वेताच्या खुर्चीकडे बघितलं. लागला असं कुणी म्हणालं नाही.

बहिणीच्या दोन मेल आल्या होत्या. दुसरीत एवढंच होतं: ‘बाबा, तुम्ही ठीक आहात ना? मला झोप लागत नाही.’ मी ती आईला वाचून दाखवली.

“उद्या सकाळी लिहू,” आई म्हणाली. “रविवारचं पत्र रविवारी.”

रविवारी सहाला मी बसलो आणि लिहायला सुरुवात केली. आई चहाचा कप घेऊन आली आणि पाठीमागं उभी राहिली.

“काय लिहिलंस?”

“आमचे सर्व क्षेम आहे.”

“ते असं बोललेत का कधी? खोड ते.” तिनं स्टूल ओढलं. वेताच्या खुर्चीत ती बसली नाही. “घे. लिही. पपई मोजली आज. जमिनीपासून पहिल्या फळापर्यंत पावणेसहा फूट. सहा भरली असती, पण तुझ्या आईनं टेपचं टोक सैल धरलं.”

मी वळून तिच्याकडे बघितलं. ती खिडकीतून पपईकडे बघत होती.

“लिही ना. वीज पडली तो खांब आपल्या फाटकापासून बावीस पावलं. माझी पावलं, तुझ्या भावाची नव्हेत, तो फेंगडा चालतो. मशीन बंद होतं ते त्यानं तीन दिवस उलटंपालटं केलं. त्याला म्हटलं, मागची बाजू बघ, तर ऐकत नाही.”

माझी बोटं आपोआप चालत होती. इतकी वर्षं ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती आणि आतून सगळं ऐकत होती. कुठं थांबायचं, कुठं माझी खोड काढायची, सगळं तिला ठाऊक होतं.

“मागली तीन पत्रं कोरडी म्हणतेस. माझा घसा बसला होता, सांगायला होईना, म्हणून ती ह्यानं मनानंच लिहिली. ह्याला पत्र लिहिता येत नाही. शाळेतही निबंधात नापास. आता घसा बरा आहे.” तिनं चहाचा घोट घेतला. “त्याचे केस आता नखाएवढे वाढलेत.”

मी थांबलो. हात आपोआप डोक्याकडे गेला.

“हे नको आई. तिला कळेल.”

तिनं विचार केला. “बरं. ते नको. खोड.”

मी खोडलं.

“ही म्हणते,” आई म्हणाली आणि गप्प झाली. वडील इथंच स्वयंपाकघराकडे तोंड करायचे. आत्या आत भांडी लावत होती. आईनं पदरानं कपाचा कान पुसला, उगाचच.

“ही म्हणते, ह्यांच्याकडं बघायला मी आहे. तू तुझं बघ.”

मी ते लिहिलं. मग नेहमीच्या सवयीनं पत्र वर घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. पपई, पावणेसहा फूट, टेपचं टोक, बावीस पावलं. समोरच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला. आत आत्याच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

आईनं माझ्या दंडाला हात लावला.

“हळू वाच,” ती म्हणाली. “मला ऐकू येतं.”

तेव्हा कुठं मला कळलं की मी ओरडत होतो. पुढची ओळ समोर होती, ती दिसेना. मी रडायला लागलो, माहुलीच्या घाटावर रडायला हवं होतं तसा, नाकातोंडातून, आवाज काढून. आईनं मला थोपटलं नाही, गप्प राहा असंही म्हणाली नाही. तिनं हात दंडावर तसाच ठेवला आणि चहा निवेपर्यंत बसून राहिली.

“लाव आता,” ती शेवटी म्हणाली. “वाट बघत असंल ती.”

मी बटण दाबलं. मोडेम ओरडला, खरखरला आणि लाईन जुळली.

“लागला,” आई म्हणाली.